जुन्या संगणकाला कार्ड लिहून देण्याआधी

बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर आणि मोठी कार्यालये दर चार-पाच वर्षांनी आपले संगणक बदलतात. तिथून बाहेर पडलेले काळे, चपटे, जाडजूड फाइलीएवढे डबे पुसूनपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि आता तर जिल्ह्याच्या गावीही विकायला येतात. दहा-पंधरा हजारांच्या आसपास बऱ्यापैकी प्रोसेसर असलेला डेस्कटॉप हाती पडतो. घेणारा बहुतेक वेळा एखाद्या विद्यार्थ्याचा बाप किंवा आई असते. महिना-दोन महिन्यांनी मुलगा सांगतो, ‘यात ग्राफिक्स कार्ड नाही, माझं सॉफ्टवेअर चालत नाही.’ दुकानदार म्हणतो, ‘हा डबा काढून टाका, नवा घ्या.’ नव्याचा आकडा ऐकून घरात शांतता पसरते. आमच्या वॉर्डातले कर्मचारी, परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांच्याकडून ही हकिकत मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता तिच्यावर लिहायलाच हवे असे वाटते.

आरोग्याच्या पानावर ग्राफिक्स कार्ड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एक तर टाकून दिलेला डबा नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी फुप्फुसात आणि रक्तात उतरतो, त्याकडे पुढे येतोच. दुसरे म्हणजे आजचे वैद्यकशास्त्र या कार्डावर बरेच अवलंबून आहे. आणि तिसरे, जुन्या यंत्राला काय द्यावे आणि काय देऊ नये हा विचार आम्ही डॉक्टर मंडळी रोज करतो तसाच आहे. तक्रार काय, तिचे कारण काय, आणि हे शरीर तो उपचार पेलणार का?

आधी कार्ड म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. खरा सीपीयू म्हणजे आतली बोटभर लांबीची चिप, प्रोसेसर. त्यात चार, सहा किंवा आठ गाभे असतात आणि प्रत्येक गाभा अवघड काम एकट्याने निभावणारा, एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरसारखा असतो. ग्राफिक्स कार्डावरच्या चिपमध्ये असे साधे गाभे शेकड्यांनी असतात. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० या साध्या कार्डात ते ८९६ आहेत. पल्स पोलिओचा रविवार आठवा. त्या दिवशी दहा बालरोगतज्ज्ञांपेक्षा दोन थेंब पाजू शकणारे हजारो स्वयंसेवक जास्त उपयोगाचे असतात. पडद्यावरचे चित्र हे तसलेच काम आहे. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून अधिक ठिपके असतात आणि जवळपास प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडता येतो. सीटी स्कॅनच्या एका कापात साधारण २ लाख ६२ हजार ठिपके असतात आणि एका रुग्णाचे असे शेकडो काप. त्यांतून तुटलेल्या कटिभागाचे त्रिमितीय चित्र उभे करून बोटाने फिरवायचे, तर स्वयंसेवकांची फौज लागते.

ही फौज मुळात खेळांसाठी उभी राहिली, हे मला नेहमी गमतीचे वाटते. टोरांटो विद्यापीठातल्या अॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी २०१२ साली चित्रे ओळखणारी जी प्रणाली शिकवून तयार केली, ती खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकली होती. त्या कार्डांची स्मृती प्रत्येकी ३ जीबी होती. आज छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाची शंका सांगणारी जी सॉफ्टवेअर आहेत, ती याच वाटेने आली. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत त्यांचा वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२०मध्ये, ‘फोल्डिंग अॅट होम’ या प्रकल्पासाठी जगभरच्या लोकांनी आपापल्या घरचे संगणक आणि कार्डे विषाणूच्या प्रथिनांचा अभ्यास करायला दिली, तेव्हा त्यांची एकत्रित गणनशक्ती त्या वेळच्या सर्वांत मोठ्या महासंगणकांच्या पुढे गेली. तेव्हा मुलगा कार्ड मागतो म्हणजे खेळच खेळणार, असे गृहीत धरू नये. (खेळेलही. त्याने काही बिघडत नाही.)

आता निदान. ‘संगणक स्लो चालतो’ ही तक्रार म्हणजे आमच्याकडची ‘अंगात कणकण आहे’. शंभर कारणे असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर ग्राफिक्स कार्ड हा उपाय नाही. जुन्या डब्यात अजून फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर आधी ती काढून एसएसडी बसवावी. रॅम ४ जीबी असेल तर ती वाढवावी. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो कुठल्याही कार्डाने पडत नाही, आणि खर्च कमी. सर्दीला अँटिबायोटिक लिहून देण्यात आणि हार्ड डिस्क रखडत असताना कार्ड विकण्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे घेणाऱ्याला वाटते, काहीतरी जोरदार मिळाले.

तपासणी घरी करता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. जे काम अडते ते सुरू करून तिथे पाहावे. डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर दोष डिस्कचा. मेमरी भरली असेल तर रॅमचा. ऑनलाइन व्याख्यान पाहताना प्रोसेसरच १०० टक्क्यांवर जात असेल आणि तो इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असेल, तर कार्डाचा खरा उपयोग आहे. कारण यूट्यूबवर हल्ली व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवतात, तो उलगडण्याची सोय त्या जुन्या चिपमध्ये नाही आणि साध्याशा नव्या कार्डात आहे. आठव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ती आधीपासूनच असते. म्हणजे वर्ड, एक्सेल, रुग्णनोंदणी, व्याख्याने, चित्रपट एवढ्यासाठी आठव्या पिढीच्या डब्याला कार्डाची गरज नाही, कुणी कितीही सांगो. त्रिमितीय आराखडे, अॅनिमेशन, व्हिडिओचे संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास आणि अर्थात खेळ ही खरी कारणे.

कारण पटले, तर पुढचा प्रश्न शरीर पेलेल का हा आहे. या जुन्या कार्यालयीन संगणकांचे ढोबळ तीन आकार येतात. उभा मोठा टॉवर, मधला चपटा डबा, आणि पुस्तकाएवढा अगदी छोटा. तो पुस्तकाएवढा दिसायला गोजिरवाणा असतो, पण लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतो आणि त्यात सहसा कार्ड बसवायला खाचच नसते. पुढे कधी कार्ड लावायचा विचार असेल तर तो घेऊच नये. आपला विषय मधल्या डब्याचा आहे. त्यात खाच असते, पण जागा आखूड. त्यामुळे ‘लो प्रोफाइल’ कार्डच लागते. त्याची मागची पट्टी साधारण ८ सेंटिमीटरची असते, तर पूर्ण उंचीच्या कार्डाची १२. विकत घेताना ही आखूड पट्टी खोक्यात आहे ना, हे पाहावे. जुन्या कार्डासोबत ती हमखास हरवलेली असते आणि सुटी शोधताना दमछाक होते. शिवाय कार्ड एका खाचेच्या जाडीचे आहे की दोन, आणि शेजारी एसएमपीएसची पेटी आडवी येते का, हे डबा उघडून पट्टीने मोजावे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वीज. मदरबोर्डवरची ती लांब खाच प्रमाणानुसार कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. काही कंपन्या आपल्या छोट्या मॉडेलांत याहूनही कमी मर्यादा घालतात, ती त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असते. या डब्यांतले एसएमपीएस बहुधा १८० ते २६० वॉटचे असतात. समजा २०० वॉटचा आहे. प्रोसेसर ६५ वॉटचा, आणि जोर लावताना तो थोडा वेळ त्याहून जास्त ओढतो. डिस्क, रॅम, पंखे यांचे २५-३०. त्यात ७५ वॉटचे कार्ड टाकले तर बेरीज १७० च्या घरात जाते. बसते, पण राखीव फार थोडे उरते, आणि एसएमपीएस सात-आठ वर्षे राबलेला आहे. साठीतल्या हृदयाला आम्ही जिना चढू देतो, शर्यत लावू देत नाही. म्हणून अशा डब्यात ५० वॉटच्या आसपासचे कार्ड मला जास्त पसंत पडते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीचेच तापमान ४० अंशांपुढे जाते, तेव्हा हे वीस-पंचवीस वॉट आणखीच मोलाचे ठरतात. तापलेले कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि पैसे मोजून घेतलेली ताकद दुपारी मिळतच नाही.

मोठे कार्ड बसवायचेच म्हणून काही दुकानांत एक जुगाड सुचवतात. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरवर एक जोड लावून तिथून कार्डाला वीज द्यायची. हे करू नये. साटाची ती जोडणी १२ व्होल्टवर साधारण ५४ वॉटपर्यंतच सुरक्षित आहे आणि सहा पिनांचे कार्ड तिथून ७५ वॉट मागू शकते. जोडणी वितळते, प्रसंगी पेट घेते. मोठा एसएमपीएस बसवू म्हणावे, तर या कंपन्यांच्या डब्यांत आकार वेगळा आणि अनेकांत पिनाही वेगळ्या, बाजारातला साधा बसतच नाही. थोडक्यात, ज्या कार्डाला वेगळी वीजजोडणी लागते ते या डब्यासाठी नाही.

कार्डे कोणती? इथे नावांचा घोळ औषधांच्या ब्रँडइतकाच वाईट आहे. जीटी १०३० हे ३० वॉटचे कार्ड २०१७ साली आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरे आले, ज्याची स्मृती डीडीआर४ प्रकारची होती. स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्याही खाली उतरला, खोक्यावरचे नाव मात्र तेच राहिले. गोळी तीच आणि आत मात्रा तिसऱ्या हिश्श्याएवढी, असा हा प्रकार. घेताना ‘जीडीडीआर५’ ही अक्षरे पाहावीत. व्हिडिओ नीट दिसावा एवढ्यापुरते ते पुरे आहे. त्याच पिढीचे जीटीएक्स १०५० टीआय एकेकाळी या छोट्या डब्यांचे लाडके होते, पण या पिढीला आता कंपनीकडून नवे ड्रायव्हर मिळत नाहीत. केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. म्हणून जुन्यातले घ्यायचे तर जीटीएक्स १६५० चे लो प्रोफाइल रूप पाहावे. ते ७५ वॉटचे आहे, हे मात्र वरच्या बेरजेत धरावे. एएमडीचे आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचे, त्यामुळे विजेच्या बाबतीत सोयीचे. पण ते मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी बोलते, आणि जुन्या मदरबोर्डवर त्या मार्गिकांचा वेग निम्माच असल्याने त्याची ताकद काही कामांत अडखळते. शिवाय व्हिडिओ नोंदवायची सोय त्यात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक धडे गिरवायचे असतील तर ७० वॉटचे आरटीएक्स ३०५०, ६ जीबीवाले, लो प्रोफाइल रूपात मिळते. त्याच नावाचे ८ जीबीवाले वेगळे. त्याला जास्त वीज आणि वेगळी जोडणी लागते. आणि इंटेलच्या आर्क कार्डांना मदरबोर्डमध्ये एक विशिष्ट नवी सोय लागते, ती जुन्या डब्यांत बहुधा नसते; तिकडे जाऊ नये.

खर्चाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या डब्यात व्हिडिओपुरत्या स्वस्त कार्डापलीकडे पैसे घालू नयेत. त्या प्रोसेसरला चांगल्या कार्डाला काम पुरवता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. तो अडथळा कार्डाने दूर होत नाही. अशा डब्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाकून तो अभ्यासाला वापरावा. जुना डबा विकत घ्यायचाच आहे, तर आठवी पिढी ही खालची मर्यादा धरावी. मॉडेलच्या नावावरही जाऊ नये. डेलने ऑप्टिप्लेक्स ७०१० हे नाव २०१२ मध्ये वापरले आणि २०२३ मध्ये पुन्हा वापरले. मधे दहा पिढ्या गेल्या.

नकली मालही आहे. दहा वर्षांहून जुन्या कार्डातली आज्ञावली बदलून ते १०५० टीआय असल्याचे भासवून विकले जाते. संगणक ते नाव मुकाट्याने दाखवतो. जीपीयू-झेड नावाचे मोफत सॉफ्टवेअर अशी बरीच बनावट पकडते. दुकानातच कार्ड लावून ते चालवून दाखवा म्हणावे आणि दहा मिनिटे जोराचे काम देऊन पंख्याचा आवाज ऐकावा. जो दुकानदार याला नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नये. आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडे घरोघरी आणि कार्यालयांत निळ्या प्लगचे व्हीजीए मॉनिटर भरपूर आहेत. नव्या कार्डांवर ती जोडणी नसते. कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि तो चिप असलेला, नुसती वायर नव्हे.

एक इशारा डॉक्टर मित्रांसाठी. असे कार्ड लावलेल्या डब्यावर सीटीचे त्रिमितीय चित्र छान फिरते म्हणून त्यावर अहवाल देऊ नयेत. निदानासाठीचे मॉनिटर करड्या छटा ठरावीक प्रमाणानुसार दाखवतील असे जुळवलेले असतात. मॅमोग्राफीचे तर वेगळेच. दोन हजारांच्या पडद्यावर फुप्फुसातली छोटी गाठ सहज निसटते, आणि ती कार्डामुळे दिसू लागत नाही. शिकण्या-शिकवण्यासाठी मात्र हा डबा उत्तम. आमच्या निवासी डॉक्टरांनी चर्चासत्राच्या खोलीतल्या एका जुन्या डब्यात स्वतःच्या वर्गणीतून छोटे कार्ड आणि एसएसडी बसवली आणि ‘थ्रीडी स्लायसर’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकले. कटिभागाच्या हाडांचे तुकडे कुठे सरकले आहेत, हे दुसऱ्या वर्षाची मुलगी प्रथम वर्षाच्या मुलांना पडद्यावर फिरवून दाखवत होती. पूर्वी हे मी फळ्यावर काढायचो, आणि माझी चित्रकला यथातथाच आहे.

तो डबा निर्लेखनाच्या यादीत होता. सरकारी भाषेत निर्लेखन म्हणजे वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमधून कमी करणे. वर्षे भरली, समिती बसली, सही झाली, लिलावात वजनावर गेली. चालू आहे की नाही हे कुणी पाहत नाही, कारण रकान्यात वय विचारलेले असते, प्रकृती नव्हे. आणि गंमत पाहा, यादीतून बाहेर काढलेल्या त्या डब्यात वर्गणीचे कार्ड कोणत्या रकान्यात नोंदवायचे, यावर फाइल पुढे तीन आठवडे फिरली.

वजनावर गेलेले डबे कुठे जातात? दिल्लीच्या सीलमपूरमध्ये ते हाताने फोडले जातात. मुरादाबादेत सर्किट बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून त्यातला धातू काढला गेला आहे. वायरीवरचे पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, जुन्या जोडकामातले शिसे धुळीत उतरते. शिशाची मुलांच्या रक्तातली सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम थोड्या प्रमाणातही होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नवा संगणक बनवणेही फुकट नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी वीसेक वर्षांपूर्वी हिशेब मांडला होता, की मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते. तेव्हाचे जाडे मॉनिटर आता गेले, आकडे थोडे बदलले असतील. तरी जो डबा तयार आहे तो आणखी चार वर्षे चालवणे हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना वेगळे स्थान दिले आहे. त्याचा आधार घेऊन सरकारी रुग्णालये, महाविद्यालये आणि जिल्हा परिषदा यांनी निर्लेखनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, एसएसडी किंवा रॅम घालून चालेल का, कार्डाची खाच आहे का. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाचे दोन विद्यार्थी एका दुपारी शंभर डबे तपासतील. आठव्या पिढीचे आणि पुढचे जवळच्या शाळांना द्यावेत, बाकीचे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे. मात्र रुग्णालयाचा डबा दाराबाहेर जाण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्यावी. तिच्यावर रुग्णांची नावे, एचआयव्हीचे अहवाल, गर्भपाताच्या नोंदी असतात आणि ‘डिलीट’ दाबल्याने त्या पुसल्या जात नाहीत. डिस्क रीतसर पुसावी किंवा भोक पाडून निकामी करावी, आणि ते कुणी केले त्याची सही त्याच फॉर्मवर घ्यावी.